लूपवर मिडी ठेका ध्वनिमुद्रित करताना आधीची फेरी ऐकू येत नाही आणि समेचा ठोका हरवतो

ठेका_सांभाळणारा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी एका हौशी वाद्यवृंदात ऑक्टोपॅड (विजेवर चालणारे, पॅडचे तालवाद्य) वाजवतो आणि सध्या घरीच संगणकावर गाण्यांचे ट्रॅक बांधू लागलो आहे. ऑक्टोपॅड यूएसबी तारेने संगणकाला जोडलेला आहे आणि मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर कोणता स्वर केव्हा व किती जोरात वाजला एवढीच नोंद, पाठवतो. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर रीपर आहे, आणि ढोलकी, झांज व हलगी यांचे आवाज सॅम्पलरमध्ये (आधी साठवलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वेगवेगळ्या स्वरांवर लावून घेतले आहेत. आवाज स्वच्छ येतात आणि हात जोरात पडला की हळू, हेही सॅम्पलरला नीट कळते, त्यामुळे जोडणीबद्दल शंका नाही. अडचण आहे ती ध्वनिमुद्रणाची.

मला दादऱ्याचे एक आवर्तन लूपवर फिरत ठेवायचे आहे. पहिल्या फेरीत ढोलकीचा ठेका वाजवायचा, तो ऐकत पुढच्या फेरीत झांज भरायची, त्यानंतर हलगीचे दोन-चार ठोके टाकायचे, आणि हे सगळे मध्ये न थांबता करायचे, अशी माझी कल्पना आहे. प्रत्यक्षात दुसरी फेरी सुरू झाली की पहिल्या फेरीत वाजवलेले ऐकूच येत नाही. थांबल्यावर पाहावे, तर एकाखाली एक असे बरेच टेक (प्रत्येक फेरीची वेगळी नोंद) तयार झालेले असतात आणि त्यांतला एकच वाजतो.

दुसरी अडचण मला अधिक सतावते. समेवरचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा, ‘धा’ पुष्कळदा नोंदलाच जात नाही. कधी तो पूर्ण गायब असतो, तर कधी आवर्तनाच्या अगदी उजव्या टोकाला केसाएवढी रेघ दिसते आणि तिचा आवाज ‘टक्’ एवढाच येतो. क्वांटाइझ केले (ठोके जवळच्या रेषेवर सरकवले) तर ती रेघही ऐकू येईनाशी होते. बाकीच्या पाच मात्रा जिथल्या तिथे असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रकल्प चार-चारमध्ये (एका बारला चार ठोके) आहे आणि दादरा सहा मात्रांचा. त्यामुळे लूप कधीच बारच्या रेषेवर संपत नाही आणि मेट्रोनोमचा जड ठोका भलत्याच मात्रेवर पडतो. मेट्रोनोम बंद केला तर लय वाढते. हे सारे कोणत्या क्रमाने सोडवावे, याचे मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

मिक्सरमागचा यांचा प्रतिसाद

पहिल्या अडचणीचे उत्तर सोपे आहे, ते आधी देतो. समेबद्दल इथले तालवादक माझ्यापेक्षा नेमके सांगतील.

लूप फिरत ठेवून ध्वनिमुद्रण करण्यामागे दोन निरनिराळे हेतू असू शकतात. गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो तेव्हा प्रत्येक फेरी स्वतंत्र जपून ठेवायची असते, कारण शेवटी त्यांतली एक निवडायची असते. तालवाद्यांचे थर चढवताना मात्र प्रत्येक फेरी आधीच्या फेरीत मिसळत गेली पाहिजे. रीपरमध्ये ट्रॅक नवा असताना पहिला हेतू गृहीत धरलेला असतो, म्हणून आपल्याला टेक मिळतात. ट्रॅकवरच्या लाल रेकॉर्ड-आर्म बटणावर उजवी टिचकी मारली की एक यादी उघडते, त्यात ‘रेकॉर्ड: मिडी ओव्हरडब’ हा पर्याय आहे, तो निवडावा. त्याआधी एका आवर्तनाएवढा काळ निवडून ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘न्यू मिडी आयटम’ घालून ठेवावा, म्हणजे रिकामे पण नेमक्या लांबीचे एक भांडे तयार राहते आणि आपण वाजवाल ते सारे त्यातच पडत जाते. रिपीट चालू करून ध्वनिमुद्रण सुरू केले की दुसऱ्या फेरीत पहिली फेरी ऐकू येईल, तिसरीत दोन्ही.

त्याच यादीत ‘मिडी रिप्लेस’ आणि ‘मिडी टच-रिप्लेस’ असे पर्यायही आहेत. पहिल्यात जुने पुसून नवे लिहिले जाते. दुसऱ्यात आपण जिथे वाजवाल तिथलेच जुने जाते, बाकीचे राहते. एखादा हलगीचा ठोका मनासारखा पडला नसेल तर टच-रिप्लेस उपयोगी पडतो. तरी मला स्वतःला थांबून, मिडी एडिटर उघडून नको तो स्वर हाताने पुसणेच बरे वाटते, कारण लूप फिरत असताना घाईने केलेल्या दुरुस्तीत चांगले ठोकेही जातात.

दुसरी सॉफ्टवेअरे वापरणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून थोडक्यात लिहितो. क्यूबेसमध्ये ‘मिडी सायकल रेकॉर्ड मोड’ नावाची निवड आहे. तिथे ‘मिक्स’ ठेवले की थर चढतात, ‘स्टॅक्ड’ ठेवले की प्रत्येक फेरी वेगळी राहते. लॉजिकमध्ये ध्वनिमुद्रणाच्या सेटिंग्जमध्ये सायकल चालू असताना मिडीचे काय करायचे ते ठरवता येते, त्यात ‘मर्ज’ निवडावे. एबलटन लाइव्हमध्ये सेशन व्ह्यूतली क्लिप लूपवर फिरत असताना तिच्यात भर घालत जाणे हीच नेहमीची रीत आहे, आणि अरेंजमेंटमध्ये त्यासाठी अधिक चिन्हाचे बटण चालू करून ठेवावे लागते.

थर चढवण्याची ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. रॉजर लिन यांच्या १९८० सालच्या एलएम-१ या ड्रम मशीनवर नमुना फिरत असतानाच एकेक वाद्य भरता येत असे, आणि वाजवलेला ठोका जवळच्या रेषेवर सरकवून घेण्याची सोयही त्यात होती. पुढे १९८८ मध्ये आलेल्या एमपीसी-६० ने सोळा पॅडच्या चौकटीवर हीच सवय साऱ्या जगाला लावली. त्यामुळे जो पॅडवर वाजवतो त्याला ओव्हरडब हाच नैसर्गिक वाटतो, आणि संगणकाने टेक पुढे केले की तो गोंधळतो, यात नवल नाही.

काळी_चार यांचा प्रतिसाद

समेचा ठोका हरवत नाही, तो लवकर पडतो. आणि लूपमध्ये लवकर पडलेल्या समेला जागाच नसते. हे एकदा ध्यानात आले की उपाय आपोआप सुचतो.

आपला लूप समेपासून समेपर्यंत आहे, असे आपल्या वर्णनावरून दिसते. म्हणजे ठेक्यातला सर्वांत वजनदार ठोका नेमका सांध्यावर पडतो. लयीत रंगलेला वादक समेवर किंचित आधी येतोच. पाच-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे होणे हा काही दोष नव्हे. बाकीच्या पाच मात्रा तेवढ्याच आधी आल्या तरी बिघडत नाही, कारण त्यांच्या डावीकडे मोकळी जागा असते. समेच्या डावीकडे मात्र लूपची भिंत असते. पहिल्याच फेरीत ‘धा’ दहा मिलिसेकंद आधी पडला, तर ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच तो पडून गेला, म्हणून नोंदच नाही. पुढच्या फेऱ्यांत तसे झाले तर तो आधीच्या आवर्तनाच्या शेवटच्या दहा मिलिसेकंदांत लिहिला जातो. लूप तेवढ्यात उडी मारतो, स्वर सुटल्याची खूण येण्याआधीच आयटम संपतो, आणि सॅम्पलर ती खूण पाळणारा असेल तर आवाज तिथेच छाटतो. आपण पाहिलेली केसाएवढी रेघ आणि तो ‘टक्’ म्हणजे हेच. क्वांटाइझ केल्यावर त्या रेघेला सर्वांत जवळची ओळ आयटमच्या शेवटाची मिळते. तिथे सरकलेला स्वर आयटमच्या बाहेरचा ठरतो आणि वाजत नाही.

म्हणून सांधा समेवर ठेवू नये. लूप सहा मात्रांचाच असू द्या, पण तो सहाव्या मात्रेच्या मध्यापासून पुढच्या सहाव्या मात्रेच्या मध्यापर्यंत धरा. ‘धा धी ना, धा ती ना’ या साध्या ठेक्यात शेवटचा ‘ना’ आणि समेचा ‘धा’ यांच्यामध्ये अर्धी मात्रा मोकळी असते, तिथे सांधा आला तर कुठलाही ठोका त्यावर आपटत नाही. आपण भरणा करून वाजवत असाल आणि ती जागा भरलेली असेल, तर दुसरी मोकळी जागा शोधावी. कुठे ना कुठे ती सापडतेच. हा आयटम पुढे हवा तेवढा फिरवा, आवर्तन बिनचूक येईल, कारण लांबी सहा मात्रांची असल्यावर चक्राला कुठून सुरुवात झाली याने फरक पडत नाही. फक्त गाण्याच्या अगदी आरंभी पहिल्या आयटमची डावी कड समेपर्यंत आत ओढावी लागते, आणि ती ओढताना समेच्या आधी वीस-तीस मिलिसेकंद शिल्लक ठेवावेत, नाहीतर तोच ठोका पुन्हा कापला जाईल.

आता मात्रांचा हिशेब. चार-चारच्या प्रकल्पात दादरा कोंबू नये. बरेच जण सहा-आठ घेतात आणि मग बीपीएम नेमके कशाचे मोजायचे यावर अडखळतात. मी सहा-चार घेतो, म्हणजे एक मात्रा म्हणजे एक ठोका आणि बीपीएम म्हणजे मिनिटाला मात्रा, दुसरा विचारच नको. बीपीएम १८० ठेवले तर एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची होते आणि पूर्ण आवर्तन बरोबर २ सेकंदांचे. मेट्रोनोमचा जड ठोका समेवर येतो. ग्रिड एक-अष्टमांश केले की अर्ध्या मात्रेच्या रेषा मिळतात, त्यावर वर सांगितलेला सरकवलेला लूप पकडता येतो. रूपक असेल तर सात-चार आणि केरवा असेल तर आठ-चार. चार-चारमध्येही केरवा बसतो, पण मग एका आवर्तनाला दोन बार लागतात आणि ध्वनिमुद्रित करताना सम कुठल्या बारची हे डोक्यात धरावे लागते. एकाच गाण्यात ताल बदलत असेल तर त्या जागी टाइम सिग्नेचरचा मार्कर घालता येतो.

वाजवताना क्वांटाइझ चालू ठेवण्याची सोय रीपरमध्ये ट्रॅकच्या ध्वनिमुद्रण सेटिंग्जमध्ये आहे, पण तिचा मोह टाळावा असे मी सुचवेन. आत येतानाच ठोका सरकला की मूळ हाताची नोंद उरत नाही. आधी जसे वाजले तसे घ्यावे, आणि नंतर क्वांटाइझची तीव्रता शंभर टक्के न ठेवता साठ-सत्तरच्या आसपास ठेवून ऐकून पाहावे.

पांढरी_सहा यांचा प्रतिसाद

सांध्याबद्दल काळी_चार यांनी लिहिलेले मला पूर्ण पटते. दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे ओव्हरडबचा हट्ट ढोलकीच्या मूळ ठेक्यासाठी धरू नये. ओव्हरडब हाताशी आला की मोह होतो तो पहिल्या फेरीत डाव्या हाताचा धुमा आणि दुसरीत उजव्या हाताची शाई असे तुकडे करून भरण्याचा. पाश्चात्त्य ड्रम सेटमध्ये किक आणि स्नेअर असे वेगळे भरले तर फारसे बिघडत नाही, कारण ते बहुधा वेगवेगळ्या ठोक्यांवर येतात. आपल्या ठेक्यात ‘धा’ हा बोलच दोन्ही हातांचा आहे. ‘ना’ आणि ‘गे’ एका क्षणी पडले तर ‘धा’ होतो, आणि त्यांच्यात पंधरा-वीस मिलिसेकंदांचे अंतर पडले की तो फाटतो. एका फेरीत दोन्ही हात वाजवले तर हे अंतर हात आपोआप सांभाळतात. वेगळ्या फेऱ्यांत भरले तर प्रत्येक ‘धा’ थोडा थोडा फाटलेला येतो, आणि क्वांटाइझने तो शिवायला गेलो तर ठेका अगदी कोरडा होतो.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. ढोलकीचा ठेका टेकच्याच रीतीने घ्यावा, म्हणजे आपण ज्याला अडचण म्हणता त्या रीतीने. दहा-पंधरा आवर्तने निवांत वाजवावीत. पहिली दोन-तीन हात गरम करण्यात जातात, नंतर कुठेतरी लय बसते. त्यांतला बसलेला टेक निवडून ‘क्रॉप टु ॲक्टिव्ह टेक’ करावे, बाकीचे टेक निघून जातात. मग ट्रॅक ओव्हरडबवर न्यावा आणि झांज, हलगी, टाळ्या त्यावर चढवाव्यात. झांजेसाठी वेगळा ट्रॅक घेतला तर आणखी उत्तम, कारण पुढे मिक्स करताना तिचा आवाज स्वतंत्र कमी-जास्त करता येतो आणि चुकून पुसले तर ठेका सुरक्षित राहतो.

दुसरी गोष्ट समेच्या लवकर येण्याविषयी. काळी_चार म्हणतात तसे वादक किंचित आधी येतोच, पण आपला ‘धा’ वरचेवर गळत असेल तर त्यामागे आणखी एक कारण असू शकते. ऑक्टोपॅड वाजवताना आपण संगणकातून परत येणारा ढोलकीचा आवाज ऐकत असाल आणि ऑडिओ बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा) मोठा असेल, तर आवाज हातामागून उशिरा येतो. ४८,००० हर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे जवळजवळ ११ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २१, आणि यात ड्रायव्हरचा स्वतःचा विलंब वेगळा. कान हे सहन करत नाही. वादक नकळत तेवढा आधी हात टाकू लागतो, म्हणजे आवाज मेट्रोनोमवर पडतो; आणि मिडीत नोंद होते ती हाताची, आवाजाची नव्हे. मग सगळाच ठेका ग्रिडच्या डावीकडे सरकलेला दिसतो. एडिटर उघडून पाहावे: सहाही मात्रा सारख्याच अंतराने डावीकडे असतील तर हा विलंब आहे, आणि काही पुढे काही मागे असतील तर तो आपला हात आहे.

विलंब असेल तर विंडोजवर असिओ हा कमी विलंबाचा ड्रायव्हर वापरून बफर १२८ पर्यंत खाली आणावा. तिथे तो तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. संगणक जुना असेल आणि १२८ वर आवाज तडतडत असेल तर दुसरा मार्ग आहे. ढोलकीच्या ट्रॅकचे रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करावे, ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज मिक्सरमधून हेडफोनमध्ये घ्यावा आणि त्यावर वाजवावे. तो आवाज ढोलकीसारखा हुबेहूब नसला तरी हाताबरोबर येतो, आणि ठेका बसायला तेवढे पुरते. आधीचे थर सॅम्पलरमधून ऐकू येतच राहतात. आधीच ध्वनिमुद्रित केलेला ठेका सरसकट दहा मिलिसेकंद डावीकडे असेल तर तो पुन्हा वाजवायची गरज नाही; रीपरमध्ये एका ठोक्याचे मूळ ९६० भाग असतात, १८० च्या लयीत दहा मिलिसेकंद म्हणजे सुमारे २९ भाग, तेवढे सगळे स्वर एकत्र निवडून उजवीकडे ढकलावेत. लूपच्या शेवटी अडकलेली सम तेवढी उचलून सुरुवातीला आणून ठेवावी.

जाता जाता: ओव्हरडबमध्ये एकाच जागी एकच ठोका दोनदा पडण्याची शक्यता असते. दुसऱ्या फेरीत आपण झांज वाजवता वाजवता सवयीने ढोलकीची सम पुन्हा मारली, तर एडिटरमध्ये एकावर एक बसल्यामुळे ती दिसत नाही, पण आवाज अचानक मोठा आणि पोकळ येतो. क्यूबेसमध्ये अशा जोड्या काढायला ‘डिलीट डबल्स’ आहे. रीपरमध्ये मी संशय येईल तिथला स्वर बाजूला ओढून खाली दुसरा आहे का ते पाहतो. एका हाताच्या फटक्यात दोन स्वर नोंदले जात असतील, म्हणजे वीस-तीस मिलिसेकंदांच्या अंतराने एक मोठा आणि एक लहान, तर तो प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. पॅडची संवेदनशीलता आणि मास्क टाइम (एका ठोक्यानंतर पॅड दुसरा नोंदत नाही तो अवधी) ऑक्टोपॅडमध्येच जुळवून घ्यावे लागतात.

ठेका_सांभाळणारा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रकल्प सहा-चारमध्ये नेला, लूप अर्धी मात्रा मागे सरकवला, आणि पांढरी_सहा यांच्या सांगण्याप्रमाणे ढोलकी टेकमध्ये व झांज ओव्हरडबमध्ये घेतली. समेचा ‘धा’ आता प्रत्येक आवर्तनात आहे. बफर ५१२ वर होता, तो १२८ वर आणल्यावर स्वर ग्रिडच्या बरेच जवळ आले. जे इकडेतिकडे आहेत ते माझेच आहेत, आणि ते तसेच ठेवावेसे वाटतात.

यातून पुढचा प्रश्न निघाला. गाणे साडेतीन मिनिटांचे आहे. दोन सेकंदांचे एक आवर्तन म्हणजे शंभराहून अधिक वेळा तेच ते. निवडलेला टेक सुटा ऐकताना उत्तम वाटतो, पण सलग वाजवला की सातव्या-आठव्या आवर्तनापासून यंत्र वाजत असल्यासारखे भासते. मिडी एडिटरमध्ये ‘ह्यूमनाइझ’ आहे; ते सगळ्या आवर्तनांवर लावले तर हे सुटेल का? शिवाय ढोलकीचा घुमारा (डाव्या बाजूचा घुमणारा आवाज) माझ्या सॅम्पलमध्ये वेगळ्या स्वरावर आहे. तो लांब असल्याने पुढच्या ‘ना’खाली रेंगाळत राहतो आणि खालचा आवाज गढूळ होतो. त्याचे काय करावे?

काळी_चार यांचा प्रतिसाद

‘ह्यूमनाइझ’ लावून पाहायला हरकत नाही, पण त्यातून फार अपेक्षा धरू नये. ते वेळ आणि जोर यांत यदृच्छेने थोडा फरक करते. माणूस वाजवतो तेव्हा फरक यदृच्छेने पडत नाहीत. समेच्या आधीच्या मात्रेत हात थोडा आवरलेला असतो, समेवर तो मोकळा सुटतो. खालीच्या, म्हणजे दादऱ्यात चौथ्या मात्रेच्या, बाजूला जोर कमी असतो. ओळ संपत आली की वादक दोन ठोके दाट करून गायकाला समेवर आणून सोडतो. यांतले काहीही यादृच्छिक नाही, म्हणून यदृच्छेने ते येत नाही. समेची सारखी १२७ ची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) आणि बाकीच्यांची सारखी ९० ची, असे चित्र एडिटरमध्ये दिसत असेल तर ह्यूमनाइझने त्याचे ११९ आणि ९४ होईल, एवढेच.

त्यापेक्षा लूपच मोठा करावा. एक आवर्तन निवडण्याऐवजी सलग चार आवर्तने निवडावीत, त्यांतल्या चौथ्यात एखादा छोटा तोड किंवा उठान (समेवर आणणारा वेगळा तुकडा) असू द्यावे. १८० च्या लयीत हे आठ सेकंदांचे होते, आणि गाण्याची एक ओळ बहुधा तेवढ्यातच बसते. असे दोन नमुने करावेत, एक मुखड्यासाठी साधा आणि एक अंतऱ्यासाठी थोडा भरलेला. अंतऱ्यानंतर मुखड्यावर परत येताना लग्गीची (दाट, चपळ ठेक्याची) दोन आवर्तने स्वतंत्रपणे, लूप न लावता, गाणे ऐकत वाजवावीत. जिथे गायक श्वास घेतो तिथे ढोलकी काय करते, हे लूपला कधीच कळणार नाही, म्हणून तेवढे भाग सरळ वाजवूनच घ्यावेत. साडेतीन मिनिटांत असे भाग फार नसतात.

केरव्याचे काही करायचे असेल तेव्हा स्विंगचा विचार करावा लागेल. जुन्या ड्रम मशीनच्या मोजणीत पन्नास टक्के म्हणजे अगदी सरळ आणि सहासष्टच्या आसपास म्हणजे तिश्र चालीकडे झुकलेले. भजनी ढंगाचा केरवा मला या दोहोंच्या मध्ये, पण सरळच्या बाजूला, चांगला वाटतो. हे आकडे रीपरमध्ये जसेच्या तसे घालू नयेत, कारण तिथे शून्य म्हणजे सरळ, कानानेच जुळवावे.

पांढरी_सहा यांचा प्रतिसाद

घुमाऱ्याबद्दल मी सांगतो. खऱ्या ढोलकीवर डावा हात चामडीवर परत टेकला की घुमारा तिथेच थांबतो; सॅम्पलरला हे सांगावे लागते. धुम्याचे सगळे आवाज, म्हणजे उघडा ‘गे’, दाबलेला ‘क’ आणि घुमारा, एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवावेत, म्हणजे त्यांतला नवा वाजला की जुना थांबतो. ड्रम सेटमध्ये उघडी आणि बंद हाय-हॅट एकमेकींना थांबवतात ती याच तत्त्वाने. शाईचे आवाज त्या ग्रुपमध्ये घालू नयेत, नाहीतर ‘ना’ने ‘गे’ कापला जाईल आणि ‘धा’ पुन्हा बिघडेल.

आपल्या सॅम्पलरमध्ये म्यूट ग्रुप नसेल तर घुमाऱ्यापुरती स्वर सुटल्याची खूण पाळण्याची सोय चालू करावी आणि एडिटरमध्ये त्या स्वराची लांबी हाताने ओढून पुढच्या धुम्याच्या ठोक्यापाशी संपवावी. ऑक्टोपॅड बहुधा प्रत्येक ठोक्याला ठरावीक लांबीचा स्वर पाठवतो, हात किती वेळ टेकला ते त्याला माहीत नसते; म्हणून ही लांबी वाजवण्यातून येणार नाही, नंतरच घालावी लागेल. ढोलकीच्या बाकीच्या आवाजांना ही सोय बंदच असू द्यावी, म्हणजे छोट्या रेघेचाही आवाज पूर्ण वाजेल.

मिक्सरमागचा यांचा प्रतिसाद

चार आवर्तनांचा आयटम झाला की त्याची उजवी कड ओढून तो गाणेभर लांबवता येतो. लूप सोर्स चालू असल्याने तो आपोआप पुन्हा पुन्हा वाजतो. पण एखाद्याच आवर्तनात बदल करायचा असेल तर अशा लांबवलेल्या आयटममध्ये तो सगळीकडे होतो, कारण आतला नमुना एकच असतो. आधी ‘ग्लू आयटम्स’ करून तो सलग एकसंध करून घ्यावा आणि मग बदल करावा. नकला करून ठेवल्या असतील तर त्या पूल्ड आहेत का तेही पाहावे. तशा असतील तर एका नकलेतला ठोका पुसला की सगळ्यांतला जातो. मुखडा प्रत्येक वेळी एकसारखाच हवा असेल तिथे हे सोयीचे आहे, अंतऱ्यात मात्र पूलमधून बाहेर काढलेली नक्कल वापरावी.